वाटेवरची खांदी

मालवणहून परत आल्यावर प्रत्येकानं मला आधी किल्ल्याबद्दल विचारलं. किल्ला मी पाहिला, पण बोटीवरून, आणि तोही अर्धाच. उरलेला अर्धा कठड्यावर वाळत घातलेल्या कुणाच्या तरी लुगड्याआड होता. ज्यांना किल्ल्याची माहिती हवी आहे त्यांना या लिखाणाचा उपयोग नाही. मी तीन दिवसांसाठी गेले होते, आणि ते तिन्ही दिवस एका माणसासाठी होते.

ते माणूस म्हणजे जनाई. मी तीन वर्षांची असताना माझी आई क्षयानं आजारी पडून मिरजेला गेली, ती परत आली नाही. तेव्हापासून अकराव्या वर्षापर्यंत मला वाढवलं ते तोंडवलीच्या जनाईनं. मुंबईत गावदेवीच्या आमच्या दोन खोल्यांत ती स्वयंपाकघरात निजायची. आमच्या घरी मासे चालत नसत. पण वडील कचेरीत गेले की ती आपल्या पत्र्याच्या डब्यातला सुका बांगडा काढून निखाऱ्यावर भाजायची, आणि आम्ही दोघी खिडक्या उघड्या टाकून, दार लावून तो भाताबरोबर खायचो. घरी मी तिची भाषा बोलायचे. शाळेत मडमबाईंची. या दोन भाषांची कधी गाठ पडू नये याची मी फार काळजी घ्यायचे.

अकराव्या वर्षी मला इंग्रजी पाठांतराचं बक्षीस मिळालं. समारंभ संपल्यावर मुलींचे आईवडील मोठ्या फाटकापाशी उभे होते. त्यांच्यात जनाई होती. ठेवणीतलं हिरवं लुगडं, पाय अनवाणी, हातात पानात गुंडाळलेला अबोलीचा गजरा. ती दुसरीकडे पाहत होती. माझ्याबरोबर दोन मैत्रिणी होत्या. मी त्यांना म्हणाले, मागच्या दारानं जाऊ, तिकडून जवळ पडतं. खरं म्हणजे मागच्या दारानं आमचं घर लांब पडायचं.

दिवे लागल्यावर जनाई घरी आली. गजरा तिनं देवाला वाहिला आणि भाताचं आधण ठेवलं. पंधरवडाभरात ती गावी गेली आणि परत आली नाही.

या माघात माझं लग्न ठरलं. मुलगा मुंबईचा, पण नोकरीला नैरोबीला. वैशाखात लग्न आणि लगेच बोट. वडिलांना म्हटलं, जनाईला भेटून येते. ते म्हणाले, तिलाच बोलावून घेऊ. मी नको म्हणाले, तेव्हा त्यांनी माझं लग्न ठरलं आहे आणि मी येते आहे, एवढं तोंडवलीला पत्रानं कळवलं. मला तिला दोन गोष्टी सांगायच्या होत्या. एक, त्या दिवशी मी तिला पाहिलं होतं. दुसरी, मी आता फार लांब जाते आहे. या गोष्टी सांगण्यासाठी समोरच्या माणसाला तिकीट काढून बोलावणं बरं दिसलं नसतं.

मालवण

मालवणला बोट धक्क्याला लागत नाही. ती दूर उभी राहते आणि पडाव येऊन माणसं, कोंबड्या, ट्रंका, आजारी म्हाताऱ्या असं सगळं एकत्र उतरवून नेतो. किनाऱ्याजवळ आल्यावर गुडघाभर पाण्यातून चालायचं. मी बूट घातले होते. पडाववाल्यानं त्यांच्याकडे पाहिलं.

"बाय, बूट काढ. नायतर दर्योच काढून घेतलो."

सगळा पडाव हसला. मी बूट काढले. एक हातात राहिला, दुसरा पाण्यात पडला आणि एका माणसानं तो मासा धरावा तसा धरून मला दिला. मालवणच्या भूमीवर माझं पहिलं पाऊल पडलं ते असं, एका ओल्या बुटासह.

ज्या शेजाऱ्यांच्या सोबतीनं मी आले होते ते मला वाळूवर उभं करून आपल्या माणसांत मिसळून गेले. माझ्याच वयाची एक बाई समोर आली. काळी सावळी, लुगड्याचा काचा मारलेला, नाकात चमकी.

"मुंबयची उषा तूच मा?"

मी मान हलवली.

"मी शेवंती. तुमच्या जनाईचा चेडू."

जनाईला मुलगी होती हे मला माहीत होतं. म्हणजे लहानपणी ऐकलं होतं, जसं गावी एक गाय आहे, एक फणस आहे, तसं. ती माझ्याएवढी असेल, ती त्या आठ वर्षांत कुठे तरी एकेक वर्षानं वाढत असेल, हे कधी मनात आलं नव्हतं.

बाजारातल्या खाणावळीत मी घावणे आणि गूळ घातलेला नारळाचा रस खाल्ला. शेवंती आत आली नाही. ट्रंकेवर बसून राहिली. मी दारापर्यंत जाऊन "तुम्ही घेता का?" असं विचारलं. "तुम्ही" ऐकून तिला हसू आलं असावं, पण तिनं ते दाखवलं नाही. "माका नको. पेज खावन इलंय," एवढंच म्हणाली. मग ट्रंक डोक्यावर घेऊन चालू लागली. मुंबईत सामान घेऊन चालणारा माणूस मागे असतो. इथे तो पुढे होता आणि मी मागे, आणि दोघींमधलं अंतर वाढत होतं.

कोळंबची खाडी ओलांडल्यावर ती थांबली. पलीकडच्या पाण्याकडे बोट करून म्हणाली, "सुकती लागता. मगे होडी लागाची नाय. ती तरीर येवन बसली हा, गुडघे दुखतत म्हनान फुडे येवक जमला नाय. मी फुडे जावन होडी धरतंय. तू सावकाश ये. फाट्यार खांदी टाकतंय, चुकाची नाय."

"ती" म्हणजे जनाई; सुकती म्हणजे ओहोटी आणि तर म्हणजे होडी लागते ती जागा, हे मला जनाईमुळे ठाऊक होतं. खांदी म्हणजे फांदी हेही कळलं. ती कशासाठी टाकायची ते कळलं नाही. विचारायला हवं होतं. पण अनोळखी माणसाला दुसऱ्यांदा प्रश्न विचारणं मला जन्मात जमलेलं नाही. शाळेत यालाच शिस्त म्हणत. मी कळल्यासारखी मान हलवली.

सडा

फाटा आला तेव्हा शेवंती दिसेनाशी झाली होती. दोन वाटा होत्या. एक खाली, माडांमधून, अरुंद, दोन्ही बाजूंना दगडांचे गडगे. दुसरी वर चढणारी, रुंद, उजेडाची. त्या वरच्या वाटेच्या तोंडाशी काजूची हिरवी डहाळी आडवी ठेवलेली होती, वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्यावर जांभ्या दगडाचा तुकडा.

शाळेच्या शिबिरात मडमबाईंनी आम्हाला शिकवलं होतं की पुढे गेलेला माणूस ज्या वाटेनं जातो तिथे खूण ठेवतो. पानांची, खडूची, गवताच्या गाठीची. खूण शोधायची आणि मागोमाग जायचं. खूण सापडल्याचा मला आनंद झाला. मी डहाळी ओलांडली आणि वर गेले.

सडा म्हणजे डोंगराचा सपाट माथा. काळा भाजका दगड, त्याच्या भेगांतून पिवळं गवत, आणि सावलीच्या नावानं करवंदीची गुडघ्याएवढी जाळी. वर आलं की एका बाजूला समुद्र दिसतो आणि दुसऱ्या बाजूला खाडी, आणि दोन्ही इतक्या जवळ दिसतात की पाच मिनिटांत पोचू असं वाटतं. मी तासभर चालले. ओल्या बुटात पाय भाजत होते आणि कोरड्या बुटातही. कुठे तरी होला घुमत होता. वाट हळूहळू बारीक झाली, मग गवतात शिरली, मग नव्हतीच.

गवताचा एक भारा माझ्याकडे चालत आला. त्याच्याखाली एक म्हातारा होता.

"कोनाचा गो तू? खंय चललंस?"

"मला तरीवर जायचंय," मी म्हणाले.

"तर दर्यार आसता, सड्यार नाय."

"खाली डहाळी ठेवली होती. म्हणून मी या वाटेनं आले."

म्हाताऱ्यानं भारा खाली टाकला. बहुधा असं काही ऐकायचं तर हात मोकळे हवेत असं त्याला वाटलं.

"खांदी बगलंस, आनी वर इलंस?"

"हो."

"अगो, खांदी म्हंजे दाराक कडी. ह्या वाटेन येव नको म्हनान ठेवतत ती. मोकळी रवता ती आपली वाट." त्यानं घाम पुसला. "मुंबयत शिकयतत तरी काय तुमका?"

मी म्हटलं, आमच्याकडे खूण गेलेल्या वाटेवर ठेवतात. तो म्हणाला, "गेलेल्या वाटेर पावलां आसतत मा? तिका खूण कित्याक होयी?"

त्यानं मला कड्यापर्यंत आणून खाली उतरणारी पायवाट दाखवली आणि तो भारा घेऊन गेला. उतरता उतरता मी विचार करत होते की इथली माणसं न गेलेली वाट बंद करून पुढे जातात. मी मात्र मागच्या दारानं गेले त्या दिवशी पुढचं दार तसंच उघडं राहिलं होतं, आणि अकरा वर्षं मी तिथून आत-बाहेर करत होते.

अर्ध्या उतारावर एका दगडाशी कोणी तरी बसलेलं दिसलं. पांढरे केस, फिकं हिरवं लुगडं, एक पाय लांब केलेला. हातात चप्पल.

"इलंस गो बाय?" जनाई म्हणाली. "किती वाळलंस."

मी तिच्याजवळ बसले. तिचा घोटा सुजून वांग्यासारखा झाला होता. मी आले नाही म्हणून ती तरीवरून निघून, दुखऱ्या गुडघ्यांनी चढण चढत इथवर आली होती, आणि इथे पाय मुरगळला होता.

"तू तरीवर थांबायचंस," मी म्हणाले. "मी आले असते."

तिनं चप्पल दगडावर झटकली, जणू तिच्यात वाळू होती. "थंय उबी रवान काय उपेग? म्हटला, ह्या वेळाक सोदूक जावया."

ह्या वेळाक, म्हणजे या खेपेला. मी तिच्याकडे पाहिलं. ती समुद्राकडे पाहत होती.

थोड्या वेळानं शेवंती धापा टाकत वर आली. होडी धरून धरून सोडून द्यावी लागली होती; आता दुसऱ्या भरतीपर्यंत पलीकडे जाता येणार नव्हतं. तिनं आईचा पाय पाहिला, मग मला पाहिलं.

"खांदी टाकतंय म्हनान सांगलेलंय मा तुका?"

"हो. पण मला वाटलं—"

"मगे इचारूचा नाय, खांदी म्हंजे काय ता? तोंडात मराठी आसा मा तुज्या?"

"गप रव गो," जनाई म्हणाली. "चेडू भाजला हा उनान."

शेवंती खाली बसली. तिनं पाठ वाकवली, आईचे हात आपल्या गळ्यात घेतले आणि तिला उचलून उताराला लागली. मी मागून चपला घेऊन चालले.

तोंडवली

तोंडवली म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मध्ये वाळूची लांबट पट्टी. तिच्यावर माड आणि माडांखाली घरं. जनाईचं घर नवीन होतं, मातीच्या भिंतींचं, कौलांचं. शेवंतीचा नवरा मुंबईत गिरणीत आहे, त्याच्या पगारातून बांधलेलं. आमच्याकडे घर म्हणजे आत जायचं. इथे सगळं बाहेर, सारवलेल्या खळ्यात: जेवण, निवडणं, भांडण, दुपारची झोप. पायाला आंबेहळदीचा लेप लावून जनाई त्या खळ्यातच पडून होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "माजा मुंबयचा चेडू इला हा." मला सड्यावरून शोधून आणल्याची गोष्ट माझ्या आधीच गावात पोचली होती. बायका येऊन माझे बूट पाहून जात.

जेवायला उकड्या तांदळाचा भात, तिरफळ घातलेली बांगड्याची कढी आणि सोलांचं सार. मी उघड्यावर, सगळ्यांसमोर मासे खाल्ले. जनाई शेजारणीला सांगत होती, "लहान आसताना दार लावन खाय होता." तिला ती गंमत वाटत होती.

शेवंती माझ्याशी फार बोलत नसे. एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी ध्यानात आली. ती जनाईला कधी "आये" म्हणत नव्हती. "ऐकलंस गो?" "हय बस गो." नुसतं गो. मी मात्र दिवसातून पन्नास वेळा जनाई, जनाई करत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकतीला शेवंती खाडीत तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला निघाली. मी बरोबर आले तर चालेल का, असं विचारलं. हा प्रश्न विचारायला मला जो वेळ लागला तेवढ्यात ती अर्ध्या वाटेवर पोचली होती. चिखलात घोट्याएवढं पाणी. ती पायानं चाचपून शिंपले काढायची आणि कमरेच्या टोपलीत टाकायची. मला अर्ध्या तासात सात मिळाले, त्यातले दोन रिकामे.

"ती तरीची जागा ती मा?" मी तिच्यासारखं बोलायचा प्रयत्न केला.

"तीच." ती वर पाहत नव्हती. "बोटीचो भोंगो ऐकाक इलो काय मी धावत थंय. आये वरडत मागसून, अगो जेवण तरी खा. दर बोटीक. आठ वर्सां." आये म्हणजे तिची आजी. "होडयेतसून सगळी उतरत. कोनाचो बापूस, कोनाची आवस. मगे होडी रिकामी."

मी चिखलात पायानं चाचपत राहिले.

"तू तेवा खंय होतंस?" तिनं विचारलं. रागानं नाही, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं.

"मुंबईत," मी म्हणाले. "तिच्याजवळ."

"हां." तिनं टोपली कमरेच्या दुसऱ्या बाजूला घेतली. "काल तुका सोदूक सड्यार चढली. माका सोदूक ती कदी खंय चढाक नाय. मी हरवलंयच नाय मा. मी थंयच होतंय."

दुपारी शेवंती दारात तिसऱ्या फोडत बसली होती. जनाई खळ्यात आडवी, मी तिच्या पायाशी. ज्यासाठी आले ते आता सांगितलं नाही तर कधीच सांगणार नाही, हे मला कळत होतं. शेवंती ऐकत होती. तरी मी बोलले.

"जनाई, बक्षीस समारंभाच्या दिवशी मी तुला पाहिलं होतं. फाटकापाशी. पाहून मी मागच्या दारानं गेले."

"ठावक आसा माका," जनाई म्हणाली.

"तू दुसरीकडे पाहत होतीस."

"मगे मान वळयलंय. तवसर तू पाट केलेलंस. पाटीवर येणी, सकाळी मीच घातलेली. माजी येणी माका वळखाक येवची नाय?"

दारातला फोडण्याचा आवाज थांबला होता.

"मग हाक का नाही मारलीस?"

"हाक मारलंय आसतंय तर तुका थंय मरान गेल्यासारा झाला आसता."

"आणि तरी दिवे लागेपर्यंत उभी राहिलीस?"

"म्हटला, येतला परत." तिनं पायावरची माशी हाकलली. "वायट वाटला. खोटा कित्याक सांगा. पन थंय उबी आसताना माका माजा चेडू आठावला. दर बोटीक ता असाच उबा रवत आसतला. मगे मुंबयत मन लागला नाय. उठलंय आनी इलंय." तिनं दाराकडे पाहिलं नाही. "पन इलंय तवसर ता म्हाताऱ्येक आये म्हनूक लागलेला. माका बगून तिच्या पदरात लपला."

मी म्हणाले, "मी माफी मागायला आले आहे."

"माफी कसली? चेडवां दोन, आनी पाय दोनच. दोन वाटांनी जातलंय कशी?" मग माझ्या हातावर हात ठेवून तिनं आवाज बदलून नवऱ्याचं विचारलं. "ता जांव दे. घोव खंयचो?"

"मुंबईचा," मी म्हणाले.

"मुंबयचोच? बरा झाला." तिचा चेहरा उजळला. "मगे काय, बोटीन एक रात. झील नायतर चेडू झाला काय घेवन ये. बोटीच्या दिसा मी तरीर आसतलंय."

पुढचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मुंबईचा, पण नोकरी आफ्रिकेत. चारच शब्द. मी म्हणाले, "हो, येईन."

दारातून शेवंतीचा आवाज आला. "पेज निवता."

परतीची वाट

तिसऱ्या दिवशी सकाळी जनाईनं मला पुढ्यात बसवून वेणी घातली. तिची बोटं आता वाकत नव्हती, वेणी सैल आली. तिला खळ्याच्या टोकापर्यंतही येता येत नव्हतं. मी माडांआड जाईपर्यंत ती बसल्या जागी हात वर करून होती. मी तीन वेळा मागे वळून पाहिलं. तिसऱ्यांदा माडच दिसले.

तर ओलांडून, गडग्यांमधल्या खालच्या वाटेनं आम्ही फाट्यापाशी आलो. ही वाट किती सोपी आणि सावलीची होती. वरच्या वाटेच्या तोंडाशी परवाची डहाळी तशीच होती, पानं कडेनं वळलेली. शेवंतीनं ट्रंक खाली ठेवली, दगड उचलला, सुकलेली डहाळी गडग्यापलीकडे टाकली आणि काजूची नवी डहाळी मोडून तिथे ठेवली.

"ही कुणासाठी?" मी विचारलं.

"तुज्यासाठी. फुडल्या येळाक चुकू नको."

ती दगड नीट बसवत होती. मी म्हणाले, "शेवंती, मी परत येणार नाही. लग्न झालं की आफ्रिकेला जाते. किती वर्षं ते माहीत नाही."

तिनं हात झटकले. "तिका सांगलंस?"

"नाही."

ती माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. परवा सड्यावर पाहिलं होतं तसं नाही. जुनी ओळख पटल्यासारखं.

"मी सांगूचंय नाय," ती म्हणाली. "ता तुजा काम."

"तू सांग ना. माझ्यानं होत नाही."

"नाय." तिनं ट्रंक डोक्यावर घेतली. "मी खांदी बदलतलंय. ती जिती आसा तवसर. तेवडा माजा."

बंदरावर तिनं ट्रंक पडावात ठेवली आणि ती लगेच वळली. मी हात वर केला तो तिला दिसला नाही. तिला सुकतीच्या आत तर गाठायची होती. घरी तिची आई खळ्यात बसून आज तिची वाट पाहत होती, आणि या वेळी जिची वाट पाहावी असं दुसरं कोणी नव्हतं.

मला परत येऊन वीस-बावीस दिवस झाले. जनाईला वाचता येत नाही. मी लिहिलं तर गावातले कोणी तरी खळ्यात सगळ्यांसमोर वाचून दाखवतील. म्हणून स्वतःच पुन्हा जाऊन यावं; वैशाखाला अजून वेळ आहे आणि वडील नाही म्हणणार नाहीत. रोज सकाळी मी असं ठरवते. संध्याकाळी पत्राचा कागद काढते, "प्रिय जनाई" लिहिते आणि किल्ला, बूट, तिसऱ्या यांच्याबद्दल लिहीत बसते. त्याचंच हे झालं.

काजूची पानं चार दिवसांत सुकतात. शेवंतीनं आतापर्यंत डहाळी पाच वेळा बदलली असेल.